उजवा हात खेतवाडीत

झिंज, बहारीन
१३ जून १९८८

सगळ्यांत आधी आला तो जमालुद्दीन, आणि खरं म्हणजे तो यायचाच नव्हता. सदानंदचा टेपरेकॉर्डर कॅसेटी खायला लागला होता, म्हणून मनामाच्या बाजारातल्या दुकानात निरोप दिला होता की कारागीर पाठवा. कारागीर गेला होता सुट्टीवर, म्हणून मालकच आला, पिशवी घेऊन, घामाघूम, कारण आमची लिफ्ट बंद. दारातच म्हणाला, "सलाम... नाय, नमस्कार." मी म्हटलं, या, दोन्ही चालतात. रत्नागिरीकडचा निघाला गं! तीस वर्षं झाली म्हणे आखातात, पण बोलणं अजून तिकडचंच. मला "बाय" म्हणाला आणि मला एकदम बरं वाटलं. इथं मला दिवसभर कोणी काहीच म्हणत नाही.

वर मायना घातला नाही ते बघितलंस ना? 'चि. मथुरास आशीर्वाद' लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, आली मोठी आशीर्वाद द्यायला, आणि पत्र मिटून पिठाच्या डब्याखाली सारलं असतंस. म्हणून सरळ जमालुद्दीनपासून सुरुवात केली. आता इतकं वाचलंस तर पुढचंही वाच.

तर तो खाली बसून स्क्रू काढत होता आणि मी ओट्याशी कणीक भिजवून हात धुऊन उभी होते. माझ्या डाव्या हाताला एक खोड आहे, नुसता उभा राहत नाही. ओट्यावर बोटं चालतात आणि तोंडानं सूर. मला कळतही नाही. सदानंदचे बाबा होते तेव्हा म्हणायचे, तुझ्या हातात मुंग्या आहेत. तर मी तेच करत होते, आपलं ते चट्ट्यापट्ट्याच्या कोटवाल्याचं, आणि मागनं स्क्रू पडल्याचा आवाज आला.

"ओ बाय, हा सूर तुमी खय ऐकलाव?"

"ऐकलाव काय? मी वाजवायचे."

"उगाच बोलू नको हां." मग माझ्याकडे बघतच राहिला. "दोन पोरी. एक बेंजो. गणपतीत, लॉरीवर, हिरव्या साड्या. त्यातली तू?"

मथू, मला रडूच आलं. म्हणजे हसू आलं, पण डोळ्यांतून. तो तेव्हा डोंगरीला कुठल्याशा हॉटेलात कपबश्या विसळायचा, आणि गणपतीचे दहा दिवस मालकाची बोलणी खाऊन आपला मेळा जिथं जाईल तिथं चालत यायचा. म्हणतो, "लोकं गणपती बघाया यायची, मी आपला तुमचा रॉक आणि रोल ऐकाया." सत्तावन साल त्यानंच सांगितलं, मला तर साल आठवत नव्हतं.

मग विचारतो, "आणि ती दुसरी खय असते?"

मी सांगितलं, मुंबईतच असते, खेतवाडीतच, मजेत आहे, पत्रं येतात तिची. एवढं एक जरा पुढचं बोलले. पत्र यायचं तर आधी कोणीतरी लिहायला हवं ना, ते मी आता लिहिते आहे.

दुकानात एक बेंजो टांगलेला आहे म्हणाला, कोणी घेत नाही, आणतो. मी म्हटलं, आणा! इतक्या मोठ्यानं म्हटलं की शमा खोलीतून बघायला आली. शमा म्हणजे सदानंदची मुलगी, पाच वर्षांची. तू बघितलेलं नाहीस तिला. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमधून. मी म्हणते, जेव गं. ती म्हणते, नो आजी. माझी सून अरुणा सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे, तिच्या शिफ्टा. सदानंद बँकेत. म्हणून तर मला आणलं. मी मजेत आहे. घर गार असतं, खिडक्या उघडायच्या नसतात.

पत्ता बदलला नसशील असं धरून पाठवते.

शेवंती

*

झिंज
२ जुलै १९८८

आला बेंजो! काळा आहे, आपला लाल होता. बटणं मात्र तशीच, टाइपरायटरसारखी, आणि एक बटण दाबल्यावर वर येत नाही, आपल्याही एकाला तीच खोड होती. जमालुद्दीन स्वतः घेऊन आला आणि त्याच्या मागोमाग आणखी दोघं. इथं आपल्या लोकांचं मंडळ आहे, त्याचा सेक्रेटरी दत्तप्रसाद, आणि त्याची बायको सुरेखा. रिफाला राहतात, गाडी मोठी, माणसं साधी. ती तर पेटी वाजवते, भजनांना साथ करते. जमालुद्दीननं त्यांना सगळं सांगून ठेवलेलं. एक हॉल घेऊन गणपती बसवतात हे लोक, कार्यक्रम करतात. दरवर्षी तीच तीच नाट्यगीतं होतात आणि पोरं मागं बसून पेप्सी पितात म्हणे.

दत्तप्रसाद म्हणाला, "मावशी, या वर्षी तुमचा मेळा. रॉक अँड रोल. खरं, त्या काळातलं. पोरांना कळू दे की आपल्याकडेही होतं."

मी काय म्हणाले असेन? हो म्हणाले. चहा आणला, शंकरपाळे काढले, ते जास्त भाजलेले होते तरी काढले, आणि हो, हो म्हणत राहिले. चार माणसं घरात, मराठी बोलणारी, एकाच वेळी बोलणारी! सुरेखा म्हणाली, मावशी, काहीतरी वाजवून दाखवा ना आत्ताच. मी म्हटलं, आत्ता नको, तारा सुरात नाहीत.

तारा सुरात होत्या. जमालुद्दीन लावून घेऊन आलेला.

आता तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे. पण जगात दुसऱ्या कुणाला माहीत नाही, म्हणून लिहिते, म्हणजे निदान कागदावर राहील. बाबांनी बेंजो आणला एक, आपण दोघी. तू सहा वर्षांची, मी आठ. भांडून भांडून आईचं डोकं फिरवलं, तेव्हा तिनं दोघींना बखोटीला धरून शेजारी शेजारी बसवलं, बेंजो पुढं आडवा ठेवला, आणि म्हणाली, शेवंते, तू डावीकडनं बटणं दाब. मथे, तू उजवीकडनं तारा छेड. आता आवाज आला तर फक्त बेंजोचा येऊ दे. ती आपली शिक्षा होती. आणि आपण तशाच शिकलो. सगळं जग डाव्या हातानं बटणं आणि उजव्या हातानं तारा वाजवतं, आपल्याकडं डावा हात माझा आणि उजवा तुझा. कुणी शिकवायला नव्हतंच, त्यामुळे हे चूक आहे हे मेळ्याच्या बाळाजी मास्तरांनी सांगेपर्यंत कळलं नाही. आणि तेही म्हणाले, राहू दे, बघायला बरं दिसतं.

तर सगळे गेल्यावर मी बसले. डावा हात ठेवला आणि बाई गं, बोटं आपली आपण धावली! एक बटण चुकलं नाही. पण उजव्या हातात नखी धरली तर तो हात म्हणजे लाकूड. एवढ्या पोळ्या लाटल्या त्या हातानं, एवढं कांडलं, दळलं, आणि तारांवर ठेवला तर नुसता खरवडतो. सूर खरा, पण गाणं मेलेलं. ते नाचायला लावणारं जे होतं ना, ते सगळं तुझ्या हातात होतं. मी जन्मभर समजत होते की गाणं मी वाजवते.

म्हणून विचारते. तू मारायचीस ते कसं? खाली दोनदा आणि वर एकदा? की वर आधी? मला खरंच माहीत नाही. मी तुझ्या हाताकडं कधी बघितलंच नाही, माझं लक्ष बटणांवर. जमालुद्दीनला विचारलं तर तो म्हणाला, "मी पण तुमच्या साड्यांकडं बघायचो, बाय." निर्लज्ज! मग त्यानं नखी धरून बघितली, तर ताशा बडवल्यासारखं.

सुरेखाचा भाऊ गुरुप्रसाद सुट्टीवर निघालाय, गिरगावातच उतरणार आहे, ऑगस्टअखेर परत येईल. तुझा पत्ता मी दिलाय त्याला. इथं असंच चालतं. कुणी मुंबईहून येत असलं की त्याच्या बॅगेत दहा घरांची लोणची असतात. तो येईल तुझ्याकडं. लोणचं नको. दोन ओळी दे लिहून, उजवा हात कसा चालतो तेवढं. बाकी काही लिहायचं नसलं तर लिहू नकोस.

सगळ्यांना मी हो म्हटलंय गं.

शेवंती

*

झिंज
३० जुलै १९८८

पोस्टात घोळ असणार. सदानंद म्हणतो, आई, इथलं पोस्ट चांगलं आहे. मग तिकडचं असेल.

आज काही विशेष नाही, पण कागद आहे, म्हणून लिहिते. दुपारी खाली जाऊन आले. नझीर म्हणून वॉचमन आहे, केरळचा, तो मला अम्मा म्हणतो. मी त्याला रोज विचारते, लिफ्ट ठीक है? तो म्हणतो, ठीक है अम्मा. मग मी लिफ्टनं वर येते. परवा तो म्हणाला, अम्मा, लिफ्ट को कुछ नहीं होगा, आप ऐसे भी आ सकते हैं बात करने को. बघ, किती हुशार माणूस.

सदानंदला आवडलेलं नाही, ते तुला सांगते. तो रागावत नाही, त्याचं तसं नाही. टाय सोडता सोडता म्हणाला, "आई, बँकेतले लोक येतात त्या कार्यक्रमाला. तू बसणार, वाजवणार, आणि नाही जमलं तर? आणि हे कधीचं? मला तर कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"असं कसं विचारेन? आई, तू रॉक अँड रोल वाजवायचीस का, असं?"

मला हसू आलं, तोही हसला. मग अरुणा म्हणाली, "आई, खरं सांगा ना, झालं कसं हे सगळं?" आणि दोघं बसली समोर, टीव्ही बंद करून. इथं टीव्ही बंद झाला की केवढी शांतता होते. मग मी सांगितलं.

सांगितलं की आमचे बाबा फोर्टातल्या इंग्रजी थेटरात डोअरकीपर होते. हातात बॅटरी, अंगात खाकी कोट. आम्ही दोघी डबा घेऊन जायचो आणि दाराच्या पडद्याआडच्या जिन्यावर बसून राहायचो. फटीतून बाबा दिसायचे, सिनेमा दिसायचा नाही, आवाज सगळा यायचा. मग तो नाचगाण्याचा सिनेमा लागला आणि बाबांची फजिती झाली. कॉलेजातली पोरं खुर्च्यांवर उभी राहायला लागली, मधल्या वाटेत नाचायला लागली. बाबा बॅटरी मारून म्हणायचे, "बसून घ्या, साहेब, बसून घ्या," आणि त्यांचा स्वतःचा पाय हलत असायचा. आम्ही ते पायरीवरनं बघितलंय. शब्द एक कळला नाही. म्हणून बाहेरच्या पोस्टरांवरची माणसं बघून गाण्यांना नावं पाडली, चट्ट्यापट्ट्याच्या कोटवाल्याचं, लांब टांगांवाल्याचं, रडव्याचं. रडव्याचं तुझं आवडतं. घरी चालत यायचो आणि वाटेतल्या प्रत्येक खांबावर तू हात मारायचीस, ते सूर विसरू नयेत म्हणून.

आणि मेळ्यात ते आलं ते कपडे बदलण्यापायी. एक प्रवेश संपला की मुली लॉरीच्या मागं जाऊन साड्या बदलायच्या आणि पुढं लोक ओरडायला लागायचे. बाळाजी मास्तर म्हणाले, पोरींनो, वाजवा काहीतरी, बाकीच्या येईपर्यंत. काहीतरी म्हणजे काय, आपल्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नव्हतंच. पहिल्या दिवशी पुढं बसलेले एक आजोबा उठून म्हणाले, "गणपतीसमोर हे काय माकडखेळ चालवलेत?" आणि मास्तर म्हणाले, "त्याला नाच आवडतो, आजोबा. तुम्हाला आवडत नाही, तो भाग वेगळा." चौथ्या दिवसापर्यंत लोक ओरडायला लागले की मुलींना सांगा, सावकाश बदला!

अरुणा पोट धरून हसत होती. सदानंद म्हणाला, "मग बंद का झालं?"

मी म्हटलं, लग्न झालं ना माझं.

एवढंच सांगितलं. ते चर्चगेटच्या हॉटेलातले बँडवाले साहेब आले होते घरी, ते सांगितलं नाही. त्यांना आपण दोघी हव्या होत्या, एक बेंजो, दोन बहिणी, रोज संध्याकाळी, आणि तू आतल्या खोलीत उड्या मारत होतीस. बाबा म्हणाले, जिथं दारू वाढतात तिथं माझ्या मुली बसणार नाहीत. आणि त्याच महिन्यात माझं ठरवलं. तू मला म्हणालीस, तूच लग्नाला हो म्हणालीस. मथू, मला कुणी विचारलं होतं का गं? मला फोटो दाखवला आणि तारीख सांगितली. पण तू त्या दिवशी बोलायची थांबलीस ती थांबलीसच. बाबा गेले तेव्हा मला पाण्याचा पेला दिलास, तो माझ्या हातात नाही, खाली ठेवलास आणि सरकवलास. मी ते पाणी प्यायले.

लग्न न करता तू तिथंच राहिलीस, शिवणाचे क्लास घेतलेस, आईला शेवटपर्यंत बघितलंस. बेंजो तुझ्याकडंच राहिला, ते बरोबरच झालं. मला सासरी नेऊन काय करायचा होता, अर्धा?

सदानंदला हे काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "बरं, वाजव. पण आधी मला ऐकव." मुलगा चांगला आहे माझा.

पण ऐकवू काय? रोज दुपारी प्रयत्न करते. शमा नखी घेते आणि तारा ओढते आणि म्हणते, आजी, धिस इज रॉकेट. जमालुद्दीनचा फोन येतो, "काय बाय, जमला काय? इंशाल्ला जमेल." मी म्हणते, जमतंय. आता गणपती जवळ आले. मी त्यांना सांगायला हवं की मला येत नाही. पण सांगितलं की ते येणार नाहीत. तसं ते स्वतःहून म्हणणार नाहीत कधी, माणसं चांगली आहेत. पण यायचं कारण काय राहील?

गुरुप्रसाद गेला होता का तुझ्याकडं? उंच आहे, चष्मा आहे.

शेवंती

*

झिंज
३ सप्टेंबर १९८८

मथू, काल काय झालं ते क्रमानं सांगते, मध्ये बोलायचं नाही.

गुरुप्रसाद गुरुवारी उतरला आणि काल शुक्रवार, सगळ्यांना सुट्टी, तर सगळी मंडळी एकदम दारात. दत्तप्रसाद, सुरेखा, जमालुद्दीन, आणि तो लांबडा. त्याच्या हातात पुडी. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली, तुझ्या हातचा टाका मी लगेच ओळखला, पुडीलासुद्धा टाका घालतेस! उसवली तर आत कॅसेट. चिठ्ठी नाही. मी तो तुकडा उलटा करून बघितला. काहीच नाही.

गुरुप्रसादला विचारलं, काही बोलली का? तो बिचारा चष्मा पुसत म्हणाला, "मावशी, त्यांनी दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं. गेलो तर ही दिली. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणलेला दिसत होता. चहा दिला. साखर जास्त होती."

म्हणजे तू बोलली नाहीसच.

सदानंदनं कॅसेट घातली. आधी नुसतं खरखर. सदानंद म्हणाला, "रिकामी आहे वाटतं," आणि मी म्हटलं, थांब. आणि मग आलं. तारा. नुसत्या उघड्या तारा, एकाच सुरात, बटण एक नाही. पण तुझा हात! त्या खोलीत बसलेल्या कुणाला काही कळलं नाही. दत्तप्रसाद सुरेखाकडं बघायला लागला. त्यांना वाटलं असेल, कुणी म्हातारी नुसत्या तारा झोडते आहे. आणि माझी डाव्या हाताची बोटं सोफ्याच्या दांडीवर धावत होती. चट्ट्यापट्ट्याच्या कोटवाल्याचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग लांब टांगांवाल्याचं. आणि ज्या जागी तारा थांबून फक्त माझी बोटं उडी मारायची, त्या जागी तू थांबलीस. माझ्या उडीएवढीच थांबलीस आणि परत धरलंस. कुणासाठी थांबलीस गं? खोलीत तर कुणी नव्हतं.

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं बेंजो तुझ्याजवळ आहे, आणि तूसुद्धा डावा हात शिकलेली नाहीस.

मग मी सगळं सांगून टाकलं. आता लपवायचं कशाला? म्हटलं, दत्तप्रसाद, मला अर्धंच येतं. उरलेलं अर्धं खेतवाडीत आहे, ते हे. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण तुम्ही यायचं बंद कराल असं वाटलं.

अरुणानं उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. सदानंद खिडकीकडं तोंड करून उभा होता आणि खिडकीत बघण्यासारखं काही नाही, समोरच्या बिल्डिंगची भिंत आहे.

जमालुद्दीन म्हणाला, "खलास! म्हणजे ती पण तिकडं अर्धीच बसलीय?"

आणि दत्तप्रसाद म्हणाला, "मावशी, आम्ही बेंजोसाठी येतो असं वाटलं होय तुम्हाला? ते जळके शंकरपाळे दुसरीकडे मिळतात कुठे?" सगळे हसले. मी पण हसले. किती दिवसांनी मला कुणी नावं ठेवली!

मग सुरेखा पुढं आली. पेटीवाली आहे, कान चांगला. म्हणाली, मावशी, कॅसेट परत लावा. ऐकलं, परत ऐकलं, मांडीवर हात मारून बघितला. तुझं ते खाली, खाली, आणि वर घासून सोडायचं. म्हणजे मधे एकदा मारायचंच नाही, हात नुसता फिरवायचा! मला कधी सुचलं नसतं. मग सतरंजी टाकली. मी डावीकडं बसले, ती उजवीकडं, बेंजो पुढं. म्हणाली, "यल्ला, मावशी." इथं 'चला'ला यल्ला म्हणतात.

आणि वाजलं, मथू! पहिल्यांदा अडखळलं, दुसऱ्यांदा अडखळलं, आणि मग पळालं. जमालुद्दीननं पितळेची परात घेतली. शमा उड्या मारायला लागली, "अगेन आजी, अगेन!" आणि सदानंद, त्या टाय घालणाऱ्या माझ्या मुलाचा पाय हलत होता. अगदी बाबांसारखा. दत्तप्रसाद म्हणाला, ठरलं, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही दोघी, शेवटचा आयटम. मी हो म्हटलं. या वेळी खरं हो.

तर असा आनंद. सगळे जेवून गेले, आमटी कमी पडली. तुला सांगितलं नसतं तर मला झोप आली नसती.

एक गोष्ट मात्र त्यांना कुणाला सांगितली नाही, तुलाच लिहिते. आपण बसायचो तेव्हा मधले दोन हात मोकळे राहायचे. माझा उजवा आणि तुझा डावा. लोकांना दिसायचं नाही, पण ते आपण पाठीमागं एकमेकींत अडकवलेले असायचे. तू दाबलंस की मी वेग धरायचे, मी दाबलं की तू थांबायचीस. काल सुरेखानं तिचा डावा हात मांडीवर ठेवला होता, ती का नाही ठेवणार? माझा उजवा हात दोनदा मागं गेला. मग मी तो सतरंजीवर टेकला आणि तसाच ठेवला. वाजलं चांगलं. सगळे चांगलं म्हणाले.

कॅसेट भरताना तुझा डावा हात कुठं होता, तेवढं मला सांग.

पत्रातून नको सांगू. सदानंदची लीव्ह डिसेंबरात आहे, मी बरोबर येणार आहे, त्याला आज सकाळीच सांगितलं, तो हो म्हणाला. मी सरळ खोलीवर येईन. बोलायचं नसलं तर नको बोलूस, सतरंजी टाक आणि उजवीकडं बस.

कॅसेटच्या शेवटी तू बंद करायला विसरलीस. तारा थांबल्यावर बराच वेळ तुझी खोली ऐकू येते. भांडं सरकवलंस, नळ सोडलास, कुणी दाराशी आलं त्याला "उद्या ये, उद्या" म्हणालीस. तुझा आवाज आईसारखा झालाय. मी तेवढा भाग आज चार वेळा लावला, अरुणा ड्यूटीवर गेल्यावर.

सरावाला सगळे परत येतो म्हणालेत. शुक्रवारी, नऊ तारखेला, दुपारच्या नमाजानंतर.

शेवंती